कृपादान कोणाच्या मालकीचे?

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कृपादानांविषयी जे शिकवले जाते, त्यात गेल्या अर्धशतकात एक मत इतके रुळले आहे की ते एक मत आहे हेही आता कोणाच्या ध्यानात येत नाही. पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला एखादी विशेष शक्ती देतो, ती कोणती हे ज्याने त्याने आधी शोधून काढावे आणि मग मंडळीने तिच्या वापरासाठी त्याला वाव द्यावा, असे हे मत आहे. त्याच्या अगदी विरुद्ध वाटणारे दुसरे मत जुन्या मंडळ्यांत आजही ठाम आहे: आत्म्याचे दान दीक्षित पाळकाकडे किंवा धर्मगुरूकडे असते, ते दान वाटणे हे त्याचे काम आणि ऐकणे व घेणे हे इतरांचे. पहिले मत उत्साहाचे, दुसरे शिस्तीचे मानले जाते, आणि दोघांचे भांडण जुने आहे. प्रस्तुत प्रतिवाद मात्र दोन्ही मतांशी आहे, कारण दोन्ही एकाच गृहीतकावर उभी आहेत. कृपादान ही कोणा व्यक्तीच्या मालकीची वस्तू आहे, हे ते गृहीतक. मालक कोण, एवढ्यापुरताच त्यांचा वाद आहे.

'कृपादान' हा मराठी शास्त्रातला शब्द ग्रीक 'खारिस्मा'साठी आलेला आहे. 'खारिस' म्हणजे कृपा, आणि त्या कृपेने जे पदरात पडते ते खारिस्मा. पौलाच्या आधीच्या ग्रीक लेखनात हा शब्द क्वचितच सापडतो. करिंथच्या मंडळीतले लोक बहुधा 'प्न्यूमातिका', म्हणजे आत्मिक गोष्टी, असे म्हणत असावेत, आणि पौलही करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला बारावा अध्याय त्याच शब्दाने सुरू करतो. पण चौथ्या वचनात तो शब्द बदलतो आणि तेथून कृपादानांविषयी बोलू लागतो. त्याचा अर्धा युक्तिवाद या बदलातच आहे, कारण आत्मिक म्हटले की माणसाची योग्यता डोळ्यांपुढे येते आणि कृपा म्हटले की देणाऱ्याचे औदार्य. मराठी ख्रिस्ती बोलण्यात याच अर्थाने 'वरदान' हा शब्दही सर्रास येतो, आणि तो आपल्याबरोबर एक वेगळेच जग घेऊन येतो. पुराणातला वर तपश्चर्येने मिळतो, मागणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे मिळतो, आणि एकदा दिला की देणाऱ्यालाही आवरत नाही, हे भस्मासुराच्या कथेमुळे मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. कृपादान कमावलेले नसते, मागेल तसे मिळत नाही, आणि देणारा त्यापासून कधी दूरही होत नाही.

आधुनिक काळात या गोंधळात आणखी एका शब्दाची भर पडली. रुडॉल्फ झोम या जर्मन कायदेपंडिताने १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या कायद्यावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की आद्य मंडळीची रचना कायद्यावर उभी नसून खारिस्म्यावर उभी होती. मॅक्स वेबरने तेथून तो शब्द समाजशास्त्रात नेला, आणि त्याच्या हाती तो असामान्य पुढाऱ्याच्या व्यक्तिगत प्रभावाचे नाव बनला. वृत्तपत्री मराठीत हाच प्रभाव 'करिष्मा' म्हणून ओळखला जातो. वास्तविक 'करिष्मा' हा शब्द फारसीतून आलेला असून ग्रीक शब्दाशी त्याचे काहीच नाते नाही, पण उच्चारसाम्यामुळे दोन्ही एकच समजले जातात. पौलाने जो शब्द सबंध मंडळीसाठी घडवला, तो अशा रीतीने हजारोंच्या सभेत व्यासपीठावर एकट्या उभ्या असलेल्या माणसाचे वर्णन होऊन बसला, आणि आज अनेक मंडळ्या पौलाचे वचन वाचतात तेव्हा त्यांच्या मनात वेबरचा अर्थ असतो.

पौलाने हे पत्र इ. स. ५० नंतरच्या काही वर्षांत इफिसहून लिहिले. करिंथ तेव्हा जुने शहर राहिले नव्हते. रोमन सैन्याने इ. स. पू. १४६ मध्ये ते उद्ध्वस्त केले होते आणि इ. स. पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरच्या आज्ञेने तेथे नवी रोमन वसाहत वसली होती; दोन समुद्रांवर दोन बंदरे असलेल्या या गावात नव्याने पैसा आणि प्रतिष्ठा मिळवलेल्यांची चढाओढ मोठी होती. ही चढाओढ मंडळीतही शिरली होती, याचा पुरावा पत्रातच आहे. प्रभुभोजनाच्या वेळी कोणी भुकेला राहतो आणि कोणी मद्याने तर्र होतो, अशी तक्रार पौल अकराव्या अध्यायात करतो आणि लगेच पुढच्या अध्यायात कृपादानांकडे वळतो. हे दोन विषय शेजारी आले आहेत ते काही योगायोगाने नव्हे. ज्याने आपली शिदोरी आपण एकट्याने संपवली, तोच आपले कृपादानही आपलेच मानून वापरत होता. दोन्हीकडे पौलाचा आरोप एकच आहे. म्हणूनच बाराव्या अध्यायाच्या सातव्या वचनात तो सांगतो की प्रत्येकाला होणारे आत्म्याचे प्रकटीकरण सर्वांच्या हितासाठी असते. येथे शब्द शक्तीचा नाही, प्रकटीकरणाचा आहे, आणि हे प्रकटीकरण कोणातरी दुसऱ्यासमोर आणि दुसऱ्यासाठी होत असते.

आता 'आपले कृपादान शोधा' या शिकवणीकडे वळावे. तिला मोठी चालना दिली ती चर्च-वाढीचे अमेरिकन अभ्यासक सी. पीटर वॅग्नर यांनी. त्यांच्या १९७९ च्या पुस्तकात कृपादानांची संख्या २७ धरली आहे, आणि तेव्हापासून प्रश्नावली भरून, गुण मोजून आपले दान ठरवण्याची पद्धत जगभर पसरली. या पद्धतीने अनेक स्वस्थ बसलेल्या माणसांना कामाला लावले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या वचनांवर ती उभी आहे ती तिला आधार देत नाहीत. करिंथकरांस लिहिताना पौल एका ठिकाणी नऊ दाने सांगतो, त्याच अध्यायाच्या शेवटी वेगळी यादी देतो, रोमकरांस लिहिताना सातच सांगतो, आणि इफिसकरांच्या पत्रात तर प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक ही माणसेच मंडळीला दिलेली दाने आहेत. एकही यादी दुसरीशी जुळत नाही आणि कोणतीही आपण पूर्ण असल्याचे म्हणत नाही. याद्यांची बेरीज करून कोष्टक तयार करणे म्हणजे पत्रलेखकाने उदाहरणादाखल घेतलेल्या नावांचा पट मांडणे होय. शिवाय प्रश्नावली प्रश्न विचारते तो भरणाऱ्यालाच, त्याच्या आवडीविषयी आणि समाधानाविषयी. पौल विचारतो तो ऐकणाऱ्याला, त्याची उन्नती झाली का, एवढाच. आपल्याला शिकवण्याचे दान आहे असे एखाद्याला कितीही वाटले, तरी त्याच्याकडून कोणी काहीच शिकत नसेल, तर ते दान आहे कोठे?

बाराव्या अध्यायातल्या दुसऱ्या यादीत दोन शब्द असे आहेत की उत्साही मंडळ्या त्यांच्यापाशी थांबतच नाहीत. एकाचा अर्थ साहाय्य करणे, हात देणे. दुसरा 'किबेर्नेसिस', म्हणजे सुकाणू धरणे. हा शब्द खलाशांच्या जगातला आहे आणि दोन बंदरांच्या गावात तो रोज कानावर पडत असणार. चमत्कार आणि रोग बरे करणे यांच्या पाठोपाठ, अन्य भाषांच्या आधी, पौल हे दोन शब्द बसवतो. मंडळीचा हिशेब पैपैला जुळवणारा खजिनदार, आजारी माणसाला दवाखान्यात नेऊन रात्रभर बसणारी बाई, वाद विकोपाला जाण्याआधी दोन्ही घरी जाऊन येणारा वडील, यांचे काम पौलाच्या मते त्याच आत्म्याचे आहे ज्याने कोणी अन्य भाषेत बोलतो. हे कळल्यावर 'आत्मिक' आणि 'व्यावहारिक' अशी जी वाटणी मंडळ्यांच्या कारभारात सहज केली जाते, ती टिकत नाही.

चौदावा अध्याय तर एका सभेचे जवळून दिसणारे चित्र आहे, आणि व्यक्तीच्या मालकीची कल्पना तेथेच पूर्ण कोसळते. लोक कोणाच्या तरी घरात जमले आहेत. एकाकडे गीत आहे, एकाकडे शिक्षण, एकाकडे प्रकटीकरण, एकाकडे अन्य भाषा, एकाकडे तिचा अर्थ. अन्य भाषेत बोलणारे दोन, फार तर तीन, आणि तेही एकामागून एक. अर्थ सांगणारा हजर नसेल तर बोलणाऱ्याने सभेत गप्प राहायचे. म्हणजे एकाचे दान दुसऱ्याच्या दानावाचून सभेपुरते निरुपयोगी ठरते, मग ते कितीही खरे असो. संदेश देणारेही दोघे-तिघेच, आणि बाकीच्यांनी त्यांचे बोलणे पारखायचे. सगळ्यात लक्षणीय नियम यानंतरचा आहे: एक जण उभा राहून बोलत असताना बसलेल्या दुसऱ्या कोणाला काही प्रकट झाले, तर उभ्याने थांबावे. ज्याच्या तोंडून देव बोलतो असे मंडळी मानते, त्यालाही शेजारच्याचे ऐकण्यासाठी आपले वाक्य आवरते घ्यायला येथे सांगितले आहे. आत्मा आवरत नाही म्हणून बोलत राहिलो, ही सबब पौल आधीच निकालात काढतो. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, असे तो स्पष्ट म्हणतो.

आता बाराव्या अध्यायातला शरीराचा दृष्टान्त. तो पौलाने शोधून काढला नाही. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की इ. स. पू. ४९४ मध्ये रोममधील सामान्य जनता संतापून शहराबाहेर निघून गेली, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने त्यांना पोट आणि इतर अवयव यांची गोष्ट सांगून परत आणले. हातांनी आणि दातांनी पोटाविरुद्ध बंड केले आणि शेवटी सगळेच अशक्त झाले, असा तिचा आशय आहे. त्या गोष्टीत शरीराचा दाखला वरच्यांच्या बाजूने आहे. पौल तोच दाखला घेतो आणि उलटा फिरवतो. तो प्रथम पायाला धीर देतो, तू हात नाहीस म्हणून शरीराचा नाहीस असे होत नाही. मग डोळ्याला आणि डोक्याला बजावतो की हाताची किंवा पायांची आपल्याला गरज नाही असे त्यांना म्हणता येणार नाही. आणि शेवटी म्हणतो की जे अवयव दुबळे दिसतात तेच आवश्यक आहेत, आणि ज्याला मान कमी त्याला देवाने अधिक मान दिला आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त आठवल्यावाचून राहणार नाही, आणि आठवायलाच हवे. तेथेही समाज हा एक देह आहे, पण मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्याशी चार वर्ण जोडलेले आहेत, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्रांच्या उत्पत्तीवरील १९४६ च्या आपल्या ग्रंथात त्या सूक्ताची कठोर चिकित्सा केली ती याच कारणाने. अहमदनगर परिसरातील मराठी मंडळ्या मुख्यत्वे महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यात मोजकी ब्राह्मण कुटुंबेही आली. अशा मंडळीत शरीराचा दृष्टान्त 'ज्याने त्याने आपल्या जागी राहावे' या अर्थाने सांगितला गेला, तर पौलाच्या नावाने पुरुषसूक्त वाचल्यासारखे होते. पौलाच्या देहात कोणताही अवयव जन्माने ठरत नाही आणि आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो. आज ऐकणारा उद्या बोलेल, आणि बोलणारा ऐकायला बसेल.

करिंथच्या आरोग्यदेवतेच्या, अस्क्लेपियसच्या, देवळाच्या परिसरात उत्खनन झाले तेव्हा भाजलेल्या मातीचे हात, पाय, डोळे, कान मोठ्या संख्येने सापडले. बरे झालेल्यांनी ते वाहिलेले असून वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत विकले जाणारे मेणाचे हात-पाय पाहिलेल्या कोणालाही ती चाल लगेच ओळखू येईल. हे मातीचे अवयव पौलाच्या सुमारे चार शतके आधीचे असल्याने त्याने ते पाहिले असण्याचा संभव कमी आहे, त्यामुळे त्यांच्यावरून त्याला दृष्टान्त सुचला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण ते एकेकटे ठेवलेले हात आणि कान ज्याने पाहिले, त्याला कृपादानांची व्यक्तिगत नोंदवही कशी दिसते हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता शिस्तीच्या पक्षाकडे. त्यांचा युक्तिवाद असा की अनेकांनी बोलायचे म्हटले की गोंधळ होतो, खोटे संदेष्टे माजतात, आणि इतिहासाने हे दाखवून दिले आहे. दुसऱ्या शतकात फ्रिगियात उठलेल्या माँटानसच्या चळवळीचे उदाहरण ते देतात. या भीतीला आधार आहे. पण आद्य मंडळीने तिच्यावर योजलेला पहिला उपाय कोणता होता, हे पाहण्यासारखे आहे. 'दिदाखे', म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, या नावाचे फार जुने छोटे पुस्तक १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले आणि १८८३ मध्ये छापले गेले. त्यात फिरत्या प्रचारकांना ओळखण्याच्या साध्या कसोट्या आहेत: पाहुणा म्हणून आलेला प्रेषित एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील, तीन दिवस राहिला तर तो खोटा, निघताना त्याने भाकरीपलीकडे काही घेऊ नये, आणि पैसे मागितले तर तोही खोटा. हे नियम सबंध मंडळीला उद्देशून आहेत. पारख करण्याचे काम तेव्हा साऱ्या मंडळीचे होते, आणि ते तिच्याकडून काढून एका पदाकडे देण्याची वाट नंतरची आहे.

शिस्तीचा पक्ष इफिसकरांच्या पत्रातील चौथ्या अध्यायाचाही आधार घेतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात बाराव्या वचनात स्वल्पविराम असा पडला आहे की पवित्र जनांना सिद्ध करणे, सेवेचे काम करणे आणि ख्रिस्ताच्या शरीराची उभारणी करणे ही तिन्ही कामे पाळक-शिक्षकांचीच ठरतात. नंतरच्या पुष्कळ भाषांतरांनी तो स्वल्पविराम काढला, आणि मग सेवेचे काम पवित्र जनांकडे आले. त्या स्वल्पविरामाची बाजू घेणारे विद्वान आजही आहेत, तेव्हा केवळ विरामचिन्हावर निकाल देणे बरे नव्हे. पण चार वचनांनंतर तेच पत्र म्हणते की सबंध शरीर प्रत्येक अंगाच्या आपापल्या परीने चालणाऱ्या कार्याने वाढते आणि प्रीतीत आपली उभारणी करून घेते. सोळावे वचन बाराव्याचा अर्थ ठरवते. त्यासाठी स्वल्पविरामाची गरज नाही.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये हाच वाद १९६३ च्या शरद ऋतूत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उघडपणे झाला. कृपादाने आरंभीच्या काळात विपुल होती, आता ती दुर्मिळ आहेत, असे कार्डिनल रुफिनी यांनी मांडले. बेल्जियमचे कार्डिनल स्यूनेन्स यांनी २२ ऑक्टोबरच्या भाषणात त्याला उत्तर दिले की ती चर्चच्या जीवनाचा गाभाच आहेत आणि सामान्य भाविकांतही ती आहेत. चर्चविषयीचा जो मसुदा २१ नोव्हेंबर १९६४ रोजी मंजूर झाला, त्याच्या बाराव्या कलमात स्यूनेन्स यांची भूमिका उतरली: आत्मा सर्व थरांतील श्रद्धावंतांना विशेष कृपा वाटून देतो, आणि परीक्षेचा अधिकार असणाऱ्यांचे कर्तव्य आत्मा न विझवण्याचेही आहे. जगातल्या सर्वांत शिस्तबद्ध चर्चने हे लिहून ठेवल्यावर शिस्तीच्या नावाने एकाच तोंडाने बोलण्याचा आग्रह धरणे अवघड व्हायला हवे होते.

या साऱ्याचे महाराष्ट्रातले उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जून महिन्याच्या अखेरीस जे आत्मिक जागरण झाले, ते जगाच्या ख्रिस्ती इतिहासात नोंदले गेले आहे. लॉस एंजेलिसमधील अझुसा रस्त्यावरच्या प्रसिद्ध सभा त्याच्या पुढच्या वर्षीच्या. केडगावात मुली आणि विधवा रडत, पापे कबूल करत, तासन्‌तास प्रार्थना करत, आणि पुढे अन्य भाषांतही बोलल्या. तेथे काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर छोटे पुस्तक लिहिले, ते चिलीमधल्या एका मेथडिस्ट मिशनरी जोडप्याच्या हाती पडले आणि तेथील पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून प्रेरणा मिळाली. इतका भाग उत्साही मंडळ्या अभिमानाने सांगतात. त्या सहसा सांगत नाहीत तो भाग असा की त्याच आवारात त्याच बायका शेती करत, विणत, तेल गाळत, अंध भगिनींना शिकवत, आणि छापखाना चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी केली, त्यांतल्या कित्येक दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या, आणि संपूर्ण बायबल रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकीची विद्वत्ता आणि अनेकींचे हात यांतले नेमके कृपादान कोणाचे, हे कोणत्याही प्रश्नावलीला सांगता येणार नाही.

रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या 'मुक्ती प्रेअर बेल' या पत्रिकेत अन्य भाषांचा अनुभव खरा मानला, पण आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा तोच एकमेव आणि आवश्यक पुरावा आहे ही शिकवण त्यांनी स्वीकारली नाही. पौलाचे व्याकरण त्यांच्या बाजूचे आहे. बाराव्या अध्यायाच्या शेवटी सगळेच प्रेषित आहेत काय, सगळेच अन्य भाषांत बोलतात काय, असे जे प्रश्न येतात, ते ग्रीकमध्ये 'मे' या शब्दाने सुरू होतात, आणि अशा प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच अपेक्षित असते. स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असे चौदाव्या अध्यायात म्हटले आहे, अशी हरकत केडगावच्या उदाहरणावर घेतली जाईल. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्री प्रार्थना करते आणि संदेश देते हे गृहीत धरून नियम सांगितले आहेत, आणि चौदाव्यातली ती दोन वचने काही जुन्या हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी आढळतात. त्यांच्या जोरावर निम्म्या मंडळीचे तोंड बंद करणे पौलाच्याच लेखनाशी विसंगत होते.

उरली एक हरकत, आणि ती सर्वांत प्रामाणिक आहे. अन्य भाषेत बोलणारा स्वतःची उन्नती करतो असे पौल म्हणतो, आणि आपण करिंथकरांपेक्षा अधिक अन्य भाषांत बोलतो याबद्दल देवाचे आभारही मानतो. मग कृपादानाचा खाजगी उपयोग नाहीच असे कसे म्हणता येईल? तसे म्हणण्याचे कारण नाही. एकांतातली प्रार्थना एकांतात राहावी, आणि पौलाचीही तेथे हरकत नाही. पण मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द तो पसंत करतो, आणि हे तुलनेचे आकडे ज्याला तो अनुभव स्वतःला भरपूर होता अशा माणसाने दिलेले आहेत.

बारावा, तेरावा आणि चौदावा हे तीन अध्याय मराठी मंडळ्यांत तुकड्यांनी वाचले जातात. तेरावा विवाहात, बारावा सेवक-शिबिरात, आणि चौदावा फारसा कोठेच नाही. मंडळीच्या वडिलांना आणि पाळकांना विनंती एवढीच की निदान महिन्यातली एक उपासना चौदाव्या अध्यायाच्या नियमांनी चालवून पाहावी. दोघा-तिघांनी बोलावे, इतरांनी ते मोकळेपणी पारखावे, आणि मागच्या बाकावर बसलेल्या कोणाला काही सांगायचे असेल, तर उभ्या असलेल्याने खाली बसावे.